परसातली पिचकारी : एका देखण्या झाडाचा जमाखर्च

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

झाडावर अभ्यासलेख लिहायचा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला काय अधिकार, असे विज्ञान शाखेतील एका मैत्रिणीने मला आधीच विचारून ठेवले आहे. अधिकार काहीच नाही. पण झाड आमच्या परसात आहे, त्याच्यापायी झालेली भरपाई आमच्या वडिलांनी दिली आहे, आणि हिशेब ही तर आमच्याच शाखेची विद्या. झाडाची माहिती मी पुस्तकांतून आणि वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारून गोळा केली. हिशेब मात्र माझा आहे. त्यात चूक निघाल्यास ती माझ्या नावे टाकावी.

हे झाड म्हणजे पिचकारी. शास्त्रीय नाव स्पॅथोडिया कॅम्पॅन्युलाटा, आणि नर्सरीवाले त्याला आफ्रिकन ट्युलिप म्हणतात. बेळगाव, खानापूर, धारवाड या भागात बंगल्यांच्या आवारात, कचेऱ्यांसमोर, रस्त्याच्या कडेला ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. नाव ठाऊक नसेल एवढेच. उंच, सरळ वाढणारे, दाट गर्द पानांचे झाड. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या शेंड्यांवर शेंदरी-लाल फुलांचे झुबके येतात. एकेक फूल तळहाताएवढे, पेल्यासारखे, कडेला पिवळी किनार. झुबक्याच्या मध्यभागी वाकड्या नखांसारख्या तपकिरी कळ्यांची गर्दी असते. या कळ्यांत पाणी भरलेले असते. टोक मोडून कळी दाबली की चिळकांडी उडते. खानापूरच्या शाळेत असताना आम्ही एकमेकींचे किती गणवेश या पाण्याने भिजवले याची गणती नाही. त्याचा पिवळट डाग पडतो आणि तो जात नाही, हे घरी गेल्यावर कळायचे.

दोन भाषांत वाढल्याचा एक फायदा असा की एकाच वस्तूची दोन नावे शेजारी ठेवून पाहता येतात. मराठीत पिचकारी, कन्नडमध्ये नीरुकायी मर, म्हणजे पाण्याच्या फळाचे झाड. दोन्ही भाषांनी एवढे देखणे फूल बाजूला ठेवून नाव दिले ते कळीतल्या पाण्यावरून. म्हणजे दोन्हीकडे नाव ठेवणारी मुलेच असावीत, असा माझा तर्क आहे.

आमचे झाड आजोबांनी १९९८ साली लावले. निवृत्तीच्या वर्षी ते बेंगळुरूला एका स्नेह्याकडे गेले होते, तिथून येताना वर्तमानपत्रात गुंडाळून हातभर रोप आणले. सातव्या-आठव्या वर्षीच झाड घराच्या कौलांवर गेले. आजोबा आता नाहीत. आज्जी दुपारची त्याच्याच सावलीत तांदूळ निवडते, आणि झाड फुलले की म्हणते, "ह्यांचं झाड आलं बघ." घरात त्या झाडाविषयी यापेक्षा वेगळे काही बोलायची पद्धत नव्हती.

गेल्या आषाढात एका रात्री वारा सुटला आणि या झाडाची एक मोठी फांदी मोडून शेजारच्या अक्कांच्या गोठ्यावर पडली. तीन पत्रे गेले. म्हैस वाचली. वडिलांनी सकाळीच जाऊन पत्र्यांचे पैसे देऊ केले. अक्का कन्नड बोलतात, आम्ही मराठी, आणि आमचे तीस वर्षांचे शेजारपण या दोन भाषांच्या मधोमध कुठेतरी चालते. त्या म्हणाल्या, पत्र्याचे काय, फांदी आहे, मोडायचीच. पण इकडे या. आणि मला त्यांनी आपल्या हित्तिलात नेऊन विहिरीचा कठडा दाखवला. दगडांच्या सांध्यांतून दोन रोपे बाहेर आली होती, एक तर माझ्या कमरेइतके. "इवु निम्म मनी मक्कळु री," त्या म्हणाल्या. ही तुमच्याच घरची पोरं. त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण मुळांनी कठड्याचा एक दगड सरकला होता.

त्या दिवशी मी अक्कांच्या आणि त्यापलीकडच्या आवारात फिरून मोजदाद केली. विहिरीत दोन, गोठ्यामागे पाच, केळींच्या आळ्यात तीन, आणि खाली नाल्याच्या काठाने सतरा. हा नाला पुढे मलप्रभेला मिळतो. गोठ्यामागची पाच उपटून पाहिली तेव्हा त्यांतली तीन मुळी वेगळी रोपे नव्हतीच. भिंतीखालून गेलेल्या आमच्या झाडाच्या मुळालाच फुटलेले ते धुमारे होते. बाकीची बियांची. आणि आमच्या स्वतःच्या परसात? एकही नाही. आज्जी रोज झाडते, उगवले की उपटले जाते. म्हणून पंचवीस वर्षांत आमच्या घरी कोणाला याचा पत्ताच लागला नव्हता.

या झाडाची पसरण्याची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. शेंगा वीतभर लांब, होडीच्या आकाराच्या, टोक आभाळाकडे करून उभ्या राहतात. वाळल्या की उभ्या चिरतात. आत पारदर्शक, कागदासारखा पातळ पंख असलेल्या चपट्या बिया पत्त्यांच्या कॅटसारख्या रचलेल्या असतात. एक शेंग मी चादरीवर उघडून मोजायला बसले. चारशेच्या पुढे मोजणी सोडून द्यावी लागली, कारण आईने पंखा लावला. पुस्तकांतही एका शेंगेत पाचशेच्या आसपास बिया दिलेल्या आहेत. झाडावर शेंगा किती, हे ज्याने त्याने मान वर करून पाहावे. उंच झाड, वर तोंड केलेली शेंग आणि पंखाची बी, असा हा बेत आहे. बी आपल्या झाडाखाली पडूच नये अशीच ती योजना. त्यात मुळांपासून धुमारे निघतात, तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात आणि ओल्या फांदीचा खुंट जमिनीत रोवला तर तोही जगतो.

येथे एक शंका साहजिक येते. झाड परदेशी आहे म्हणून त्याच्यावर हा राग आहे काय? तसे असते तर आपल्या ताटात फारसे काही उरले नसते. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू ही सारी अमेरिका खंडातून आली. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून गोव्यात आणला आणि आज गोव्याची फेणी त्याच्यावर उभी आहे. गुलमोहर मादागास्करचा, शंभर वर्षे रस्त्याच्या कडेला उभा आहे, पण त्याने कोणाचे रान गिळले असे ऐकिवात नाही. तेव्हा परदेशी असणे वेगळे आणि आक्रमक असणे वेगळे. माणसाने लावल्यावाचून जी स्वतःहून पसरते आणि पसरताना तिथल्या मूळ झाडाझुडपांची जागा घेते, ती जात आक्रमक. अशा अनेक जाती आपल्याकडे शोभेच्या म्हणूनच आल्या. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत फुलांसाठी आणली गेली. आज खानापूरच्या रानात गुरे चारणाऱ्याला विचारावे ती काय चीज आहे. जलपर्णीला जांभळी फुले सुंदर येतात, म्हणून तीही तळ्यांत सोडली गेली. आपल्या राज्यातील बंडीपूर-नागरहोळेच्या जंगलात पिवळ्या फुलांचा सेना स्पेक्टॅबिलिस असाच शोभेसाठी आला आणि आता तो उपटताना वनखात्याची दमछाक होते आहे. शेजारच्या तमिळनाडूत मुदुमलैच्या जंगलातून तोडलेला सेना कागद कारखान्याला दिला जातो, म्हणजे त्याचे निदान चार पैसे तरी येतात. पिचकारीचे लाकूड मऊ आणि ठिसूळ. इमारतीला चालत नाही आणि चुलीत नीट जळत नाही. आमच्या पडलेल्या फांदीला वखारवाल्याने हात लावला नाही.

पिचकारी मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. तिथे ती एक साधे रानझाड आहे, कारण तिच्यावर जगणारे किडे-कोळी तिथे तिच्याबरोबर आहेत. बाहेर पडताना माणसाने झाड नेले, त्याचे शत्रू नेले नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००० साली जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींची यादी प्रसिद्ध केली, तीत घाणेरी, जलपर्णी आणि सुबाभळीबरोबर पिचकारीही आहे. याच यादीत आपली साळुंकी, आपले मुंगूस आणि आपला लालबुड्या बुलबुलही आहे, हे वाचून मी जरा खजील झाले. आपल्या अंगणातली साळुंकी दुसऱ्या कोणाच्या बेटावर जाऊन तिथल्या पक्ष्यांची घरटी बळकावते. आपली बाभूळ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडात १८९० च्या दशकात नेली, पुढे मेंढ्यांना सावली आणि शेंगा मिळाव्यात म्हणून मुद्दाम लावली, आणि आज तिथली गवताची माळराने ती खाऊन टाकते आहे. त्याच क्वीन्सलँडात पिचकारी विकायला किंवा फुकट द्यायलाही कायद्याने बंदी आहे. म्हणजे बाभूळ इथे शेतकऱ्याची आणि तिथे शत्रू. दोष झाडाच्या अंगी नसतो, ते कुठे उभे आहे त्यात असतो.

फिजी बेटांवर पडीक शेतात पिचकारी अशी माजते की जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे शेतकऱ्याला जड जाते. कापावी तर फुटते, कुंपणाला रोवावी तर जगते. पॅसिफिकमधील कुक बेटांवर गेल्या दशकात घानामधून तिचाच एक अतिसूक्ष्म कोळी आणून सोडण्यात आला. त्याने पानांवर गाठी येतात आणि झाडाची वाढ खुंटते. म्हणजे मागे राहिलेला शत्रू शोधून आणावा लागला. याच्या उलट बाजूही आहे आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोर्टो रिको बेटावर विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ऊस आणि कॉफीची शेते ओस पडली, त्या उजाड जमिनीवर पिचकारीची जंगले उभी राहिली. आज ते तिथले सर्वाधिक संख्येचे झाड आहे. एरियल लुगो या तिथल्या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की या जंगलांच्या सावलीत बेटाची मूळची झाडे पुन्हा रुजू लागली आहेत. पण ती जमीन आधीच बोडकी झालेली होती, हे विसरून चालणार नाही. खानापूरचे रान, भीमगडचे अभयारण्य, मलप्रभेचा काठ हे काही ओस पडलेले शेत नव्हे. आहे त्याची जागा घेणे आणि काहीच नव्हते तिथे उभे राहणे, या दोहोंची नोंद एकाच खात्यावर करता येत नाही.

मधमाशांची गोष्ट मला सर्वांत अधिक लागली. आमच्या झाडाखाली पडलेल्या फुलांत नेहमी बारीक मेलेले किडे असतात. ते पावसाच्या पाण्यात बुडाले असतील असे मी लहानपणापासून समजत होते. ब्राझीलमधील अभ्यासात असे दिसले की या फुलांतील मध आणि पराग नांगी नसलेल्या लहान मधमाशांना घातक ठरतात. तिथल्या सांता कातारीना राज्याने २०१९ साली या झाडाची रोपे करण्यावर आणि लागवडीवर कायद्याने बंदी घातली. मूळ देशात या फुलांवर पक्षी आणि वटवाघळे येतात. फूल त्यांच्यासाठी आहे. आमच्याकडेही शिंजीर आणि बुलबुल येतात आणि खुशाल मध पिऊन जातात. अर्थात आमच्या फुलांतले किडे कोणत्या जातीचे, हे मी तपासलेले नाही. पण आता ते फूल उचलून आत पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आता हिशेबाकडे येते. आम्हाला दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्रात पिगू शिकवला. १९२० सालच्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की एखाद्याच्या व्यवहाराचा लाभ त्याच्याकडे राहतो, पण तोटा तिऱ्हाइताला सोसावा लागतो, आणि तो तोटा किमतीत कोठेच धरला जात नाही. रेल्वे इंजिनच्या ठिणग्यांनी शेजारचे रान जळते, हे त्याचे उदाहरण आम्ही सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. परंतु त्याचे दुसरे एक उदाहरण आहे, ते आम्ही सोडून देतो : शिकारीच्या हौसेने एकाने आपल्या जमिनीवर ससे राखले आणि ते शेजाऱ्याच्या जमिनीवर पसरले. हे वाचताना मला अक्कांची विहीर दिसली. पिगूच्या सशांना पाय होते, आमच्या बियांना पंख आहेत. फरक एवढाच.

आमच्या झाडाचे खाते मांडून पाहिले. जमेला : उन्हाळ्यात सावली, दोन महिने डोळ्यांचे पारणे फिटेल असा बहर, खोडाच्या मऊ लाकडात ढोली कोरणारा तांबट, आणि आजोबांची आठवण. ही सारी जमा आमच्या घरी. नावे : तीन पत्रे, विहिरीचा दगड, केळीच्या आळ्यातली खुरपणी, नाल्याकाठची सतरा रोपे, मेलेले किडे. यांतल्या पत्र्यांचे पैसे तेवढे आमच्या वहीत आले, तेही फांदी दिसली म्हणून. बाकीची रक्कम दुसऱ्यांच्या वह्यांत पडली, आणि नाल्याला तर वहीच नसते. ताळेबंदात संभाव्य देणी म्हणून एक टीप असते. कोर्टात चालू असलेला दावा, दुसऱ्याला दिलेली हमी, असे जे अद्याप देणे झालेले नाही पण होऊ शकेल, ते आकड्यांत न धरता खाली लिहून ठेवायचे. नाल्याकाठची ती सतरा रोपे मला या टिपेसारखी वाटतात. आज ती हाताने उपटता येतात. दहा वर्षांनी तीही शेंगा धरतील.

मग झाड तोडावे काय? घरात या प्रश्नावर तीन आठवडे बोलणे झाले आणि एक आठवडा कोणी बोललेच नाही. वडील म्हणाले, तोडू. आज्जी काही म्हणाली नाही, फक्त तांदूळ निवडायला आत बसू लागली. मला हे झाड आवडते, आजही आवडते. त्यामुळे मी सरांकडे गेले ते खरे तर तोडू नये यासाठी काही आधार मिळतो का हे पाहायला.

सरांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : नुसते कापून काही होणार नाही. बुंध्याला आणि मुळांना फुटवे येतील, ते दोन-तीन पावसाळे सतत मोडत राहावे लागतील. तोडलेल्या ओल्या फांद्या कुंपणाला वापरू नयेत, नाल्यात तर मुळीच टाकू नयेत. लहान रोपे पावसानंतर जमीन मऊ असताना मुळासकट उपटावीत. वरून खुडली तर पुन्हा येतात. दुसरी : तोडायला जमत नसेल तर निदान शेंगा चिरण्याआधी काढाव्यात. पण झाड जितके उंच तितके हे कठीण. आणि तिसरी गोष्ट ऐकून मला आश्चर्य वाटले. पिचकारीची आपली स्वतःची भावंडे खानापूरच्या रानात आहेत. टेटू, पाडळ, मेडशिंगी, वारस ही सारी त्याच कुळातली. टेटू आणि पाडळ दशमुळांत मोडतात, आज्जीला ती नावे काढ्यामुळे पाठ आहेत. टेटूची बीसुद्धा पंखाची, कागदासारखीच. पण ती इथली असल्यामुळे तिला खाणारे, अडवणारे, तिच्याशी जागेसाठी भांडणारे इथेच आहेत. ती आपल्या मर्यादेत राहते. वारसाला तर उन्हाळ्यात पांढरट-गुलाबी, सुवासिक मोठी फुले येतात. पिचकारीला वास नाही म्हटले तरी चालेल.

कायद्याचेही पाहावे लागले. कर्नाटक वृक्ष संरक्षण अधिनियम १९७६ प्रमाणे स्वतःच्या जागेतले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, आणि तोडल्यावर बदली झाडे लावावी लागतात. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा आणि गोव्यात १९८४ चा असाच कायदा आहे. निलगिरी, सुरू, सुबाभूळ अशा काही जातींना आपल्या कायद्यात सूट आहे; पिचकारी तीत नाही. या कायद्यांनी पुष्कळ झाडे वाचवली आहेत आणि त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. परंतु कायद्याच्या लेखी झाड म्हणजे झाड. ते काय करते आहे, हे विचारायची सोय त्यात मला दिसली नाही.

शेवटी तोडगा आज्जीनेच काढला. वारसाचे रोप आधी लावायचे, तेही पिचकारीपासून लांब, विहिरीच्या विरुद्ध बाजूला. ते जगले, एक उन्हाळा काढला, की मग पिचकारी तोडायची. तोवर वडिलांनी बांबूला कोयता बांधून हाताला लागतील तेवढ्या शेंगा काढायच्या आणि नाल्याकाठची सतरा मी उपटायची. सोळा निघाली आहेत. सतराव्याचे मूळ एका खडकाखाली गेले आहे, ते दर रविवारी थोडे थोडे सुटते.

रोप या पावसाळ्यात लावले आणि परवानगीचा अर्जही लिहून ठेवला आहे. अर्ज कन्नडमध्ये करायचा होता. माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड मला बोलायला येते, लिहिताना हात अडतो. कारण काय लिहावे हेही सुचेना. "फांद्या धोकादायक" असे लिहिले असते तर लगेच पटण्यासारखे होते. पण खरे कारण ते नव्हते, म्हणून मी लिहिले की या झाडाचे बी आमच्या आवारात राहत नाही. अर्ज अक्कांना वाचून दाखवला. त्यांनी माझ्या दोन जोडाक्षरांच्या चुका दुरुस्त केल्या आणि खाली शेजारी म्हणून सही केली.